बोटीच्या इंजिनाला कोणते तेल घालायचे?

बोट म्हटले की आपल्याला वल्ही आठवतात, शीड आठवते, लाइफ जॅकेट आठवते. इंजिनात घालायचे तेल कोणालाच आठवत नाही. मीही कधी या विषयावर लेख लिहीन असे मला वाटले नव्हते. पण यंदाची दिवाळीची सुट्टी मी चेन्नईला मामांकडे काढली, आणि त्या पंधरा दिवसांत माझा फटाक्यांपेक्षा जास्त वेळ एका आउटबोर्ड मोटारीजवळ गेला. तिथे जे शिकलो ते आपल्या शाळेच्या बोटीच्याही उपयोगाचे आहे, म्हणून लिहीत आहे.

माझे मामा फौजेच्या इंजिनिअर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मामी तंजावरच्या मराठी घराण्यातली आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर ते चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात स्थायिक झाले. हा भाग फार दाट वस्तीचा आहे. अरुंद गल्ल्या, लागून लागून असलेल्या इमारती, अयोध्या मंडपम, भाजीबाजार आणि रेल्वे रुळांच्या पलीकडे टी. नगरची गर्दी. समुद्र इथून काही किलोमीटर लांब आहे. मग इथे बोटीचे काय काम, असा प्रश्न मलाही पडला होता.

त्याचे उत्तर या भागाच्या इतिहासात आहे. पूर्वी इथे एक लांबलचक तलाव होता. १९२०च्या दशकात तो आटवून त्या जमिनीवर टी. नगर वसवले. वेस्ट मांबलममध्ये आजही ‘लेक व्ह्यू रोड’ नावाचा रस्ता आहे, पण तिथून आता तलाव दिसत नाही. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेले नाही. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा मोठा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत प्रचंड पाऊस झाला, चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडले गेले आणि अड्यार नदी शहरात शिरली. वेस्ट मांबलमच्या गल्ल्याही पाण्याखाली गेल्या. त्या वेळी लष्कर, नौदल आणि एनडीआरएफ यांच्याबरोबर मच्छीमारही ट्रकवर होड्या घालून शहरात आले होते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात या भागात पुन्हा पाणी भरले.

२०१५ मध्ये मामांच्या शेजारच्या गल्लीत मदतीला एक खासगी बोट आली होती. तिचे इंजिन दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू झाले नाही. शेवटी चार माणसांनी छातीएवढ्या पाण्यातून ती बोट ढकलत नेली. नंतर उघडून पाहिले तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी सापडले. बोट चांगली होती, माणसे धाडसी होती, पण इंजिन चालले नाही. त्यानंतर मामांच्या इमारतीने आणि आजूबाजूच्या तीन इमारतींनी वर्गणी काढून हवा भरायची एक रबरी बोट आणि १५ हॉर्सपॉवरची एक जुनी फोर-स्ट्रोक मोटार घेतली. ती तळमजल्यावर पार्किंगमध्ये लाकडी घोडीवर टांगलेली असते. तिची जबाबदारी मामांकडे आहे. पहिल्या मजल्यावर एक पाटी राहतात, म्हणजे आजी. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. मामा मला म्हणाले, “अरे, ही मोटार कोणासाठी ठेवली आहे ते लक्षात ठेव. मग तेल कोणते घ्यायचे हे आपोआप कळेल.”

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वार्षिक सर्व्हिसिंग होते. आम्ही तेल आणि फिल्टर आणायला जनरल पॅटर्स रोडला गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानेच दुकाने आहेत. पण जाण्यापूर्वीच एक पेच उभा राहिला होता. शेजारच्या इमारतीतल्या काकांनी त्यांच्या नव्या कारचे उरलेले सिंथेटिक तेल फुकट देऊ केले होते. तेल महाग होते, डबे सीलबंद होते. वर्गणीचे पैसे वाचत होते. मग नको का म्हणायचे?

मामांनी नको म्हटले, आणि कारणे मला नीट समजावून सांगितली. कारचे इंजिन रस्त्यावर बहुतेक वेळ दोन-अडीच हजार फेऱ्यांवर आरामात चालते. बोटीचे इंजिन पाण्याला सतत रेटत असते. ते पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे घेते आणि बराच वेळ तसेच चालते. बोटीला उतार नसतो, त्यामुळे इंजिनाला विसावा नसतो. दुसरे, कारमध्ये तेच पाणी रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन ठरलेल्या तापमानाला गरम राहते. आउटबोर्ड मोटार मात्र बाहेरचे थंड पाणी खेचून घेते आणि सोडून देते. इंजिन थंड राहिले की थोडे पेट्रोल न जळता पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते आणि तेलात मिसळते. हवेतला दमटपणाही आत पाणी होऊन साचतो. तिसरे आणि आमच्या मोटारीच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचे म्हणजे ही मोटार वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी असते. उभ्या इंजिनाला गंज लागतो.

म्हणून बोटीच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी वेगळ्या कसोटीचे तेल असते. त्याच्या डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ असे लिहिलेले असते. हे प्रमाणपत्र अमेरिकेतील बोट उद्योगाची संघटना देते. त्यात तेल गंज रोखते का, जास्त फेऱ्यांवर पातळ पडते का, फेस धरते का, पाणी मिसळल्यावर फिल्टर तुंबवते का, हे तपासतात. कारच्या तेलाची अशी परीक्षा झालेली नसते. काकांचे तेल ०डब्ल्यू-२० होते, म्हणजे खूप पातळ. ते त्यांच्या कारसाठी उत्तम होते, पण आमच्या मोटारीच्या पुस्तिकेत तो आकडाच नव्हता. पुस्तिकेतल्या तक्त्यात १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० दिले होते. पहिला आकडा तेल थंडीत किती पातळ राहते ते सांगतो आणि दुसरा आकडा ते गरम झाल्यावर किती दाट राहते ते. चेन्नईत थंडी अशी नसतेच, म्हणून मामांनी १०डब्ल्यू-४० निवडले.

दुकानदार मला ‘तंबी’ म्हणून हाक मारत होता. तो हसून म्हणाला, “तेल सगळे एकच, डबा वेगळा.” मामांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “पुढचे मोठे नाव वाचू नकोस. मागची बारीक अक्षरे वाच.” मागे एफसी-डब्ल्यू आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही होते. तो डबा आम्ही घेतला. काही शे रुपये जास्त गेले. संध्याकाळी मामा स्वतः त्या काकांच्या घरी गेले, त्यांचे आभार मानले आणि तेल का नाकारले ते सांगितले. काकांना आधी थोडे वाईट वाटले, पण नंतर सर्व्हिसिंग बघायला तेच सर्वात आधी खाली आले.

फिल्टरच्या बाबतीत फसगत आणखी सोपी आहे. इंजिनातले तेल कचरा आणि धातूचे बारीक कण घेऊन फिरते, ते फिल्टर अडवतो. दिसायला तो एक छोटा डबा. कारचे किंवा मोटारसायकलचे काही फिल्टर त्याच आट्यांवर बरोबर बसतातही. पण बसला म्हणजे चालला असे नाही. आत एक झडप असते, ती इंजिन बंद झाल्यावर तेल परत खाली उतरू देत नाही. ती नीट नसेल तर पुढच्या वेळी सुरू करताना पहिले काही क्षण इंजिन कोरडेच फिरते. दुसरी झडप फिल्टर तुंबला तर तेलाला बाजूने वाट देते. ती किती दाबाला उघडावी हे प्रत्येक इंजिनासाठी ठरलेले असते. बाहेरून हे काहीच दिसत नाही. म्हणून आकार जुळवून नाही, तर पुस्तिकेतला पार्ट नंबर जुळवून फिल्टर घ्यायचा.

बदलण्याचे काम मी केले, मामा बाजूला खुर्चीवर बसून होते. मोटारीचा खालचा भाग पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडवून आधी इंजिन पाच मिनिटे चालवले. तेल गरम झाले की पातळ होते आणि तळाचा गाळही बरोबर घेऊन येते. जुने तेल काढल्यावर मामांनी ते बोटांवर चोळून वास घेतला. पेट्रोलचा थोडा वास होता, पण रंग दुधाळ नव्हता, म्हणजे पाणी शिरले नव्हते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना हे पाहिले. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावले, तो हाताने बसवला आणि टेकल्यावर पुस्तिकेत सांगितले तेवढाच आवळला. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच भरले. जास्त भरले तर ते ढवळले जाऊन फेस होतो आणि फेस इंजिनाला वाचवत नाही. पंख्याजवळच्या गिअरचे तेल वेगळे असते. ते खालच्या छिद्रातून वरपर्यंत भरतात, म्हणजे आत हवा अडकत नाही.

उरला पेट्रोलचा फिल्टर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसतात. म्हणून मामांनी टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला आहे. त्याशिवाय ते बोटीसाठी दहा लिटर पेट्रोल ठेवतात आणि दर महिन्याला ते स्कूटरमध्ये घालून ताजे आणतात. पुरात पंप बंद असतात, म्हणून साठा हवाच, पण तो शिळा नको. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात तेल मिसळलेले नसते, म्हणून हे जमते.

आपल्या शाळेच्या सेफ्टी बोटीवर २५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटार आहे. तिचे गणित वेगळे आहे. तिच्यात तेल साठवून फिरवत नाहीत, ते पेट्रोलबरोबर जळून जाते, म्हणून तेलाचा फिल्टरही नसतो. तिला ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेले तेल लागते. जुन्या स्कूटरचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते. त्याची राख पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीच्या प्लगवर आणि रिंगांवर साचते. आपल्या मोटारीचे प्रमाण ५० ला १ आहे, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. सुट्टीवरून आल्यावर मी उस्तादांना विचारून बोटशेडमधले डबे पाहिले. आपल्याकडे टीसी-डब्ल्यू३ तेलच येते. उस्ताद दरवेळी मापाच्या भांड्यानेच तेल मोजतात, ते का हे मला आता कळले. त्यांच्या परवानगीने मी टाकीवर हे प्रमाण रंगाने लिहिले आहे आणि तेलाची तारीख व मोटार किती तास चालली हे लिहायला एक वही ठेवली आहे. बोटीच्या ड्युटीवरच्या कॅडेटने ती रोज भरावी.

आपल्या महाराष्ट्रातही २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला लोकांना घराघरांतून बोटींनी बाहेर काढावे लागले. आपल्यापैकी काही जण पुढे अशा बोटीवर असतील. तेव्हा धाडस लागेलच. पण ते धाडस उपयोगी पडावे यासाठी कोणीतरी दोन-तीन महिने आधी, कोरड्या दिवशी, डब्यामागची बारीक अक्षरे वाचलेली असली पाहिजेत. पालकांपैकी ज्यांच्या घरी शेतीचा पंप किंवा जनरेटर आहे त्यांनाही हेच लागू आहे. इंजिन कसले, पुस्तिका काय सांगते, डब्यावर ते लिहिले आहे का आणि मागच्या वेळी तेल कधी बदलले, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे.

जुने तेल आम्ही गटारात ओतले नाही. तिथले गटार मांबलम कालव्याला मिळते आणि कालवा अड्यारला. जे पाणी डिसेंबरात आपल्या घरात येऊ शकते त्यात आपणच तेल कशाला ओतायचे, असे मामी म्हणाली. ते कॅनमध्ये भरून जुने तेल गोळा करणाऱ्याला दिले.

परवा रविवारच्या फोनवर मामांनी सांगितले की महिन्याच्या चाचणीत मोटार दुसऱ्या ओढीला सुरू झाली आणि थंड पाण्याची धार जोरात होती. यंदा पाऊस बराच पडला, पण बोट बाहेर काढावी लागली नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजी प्रत्येक वेळी रिक्षानेच डायलिसिसला गेल्या. पुढच्या दिवाळीत गिअरचे तेल बदलायचे काम मामांनी माझ्यासाठी राखून ठेवले आहे.