जुन्या यंत्राचा लळा

संगणकाची कार्यप्रणाली बदलण्यास आम्ही इतके नाखूष का, असा प्रश्न घरातील तरुण मंडळी आम्हांला वारंवार विचारतात आणि आमच्या वयाकडे पाहून स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. परंतु आमच्या नाखुषीला एक सबळ कारण आहे.

आमच्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. ही प्रणाली २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची नियमित देखभाल थांबली. तरीही आम्ही तिला धरून राहिलो. कारण आईने सांगितलेली लग्नातील गाणी आणि प्रायश्चित्तकाळातील भक्तिगीते आम्ही याच यंत्रावर, त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली. आई आता देवाघरी आहे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की आईच्या ओवीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. आजच्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे, ‘क’चा २३२५. आमच्या जुन्या यंत्राला त्या फाइलींत असा ‘क’ ठाऊकच नाही. मग ते यंत्र सोडावे कसे?

इथवर आमची बाजू रास्त आहे, असे आम्हांला वाटते. पण तिला दुसरी बाजूही आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. त्याला अटकाव करणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांच्या यंत्रांतून तो पुढच्या यंत्रांत शिरत गेला. ब्रिटनमधील इस्पितळांत रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्त न केलेले यंत्र जाळ्याला जोडून ठेवणे ही केवळ आपल्या घरची बाब राहत नाही, हे त्यावरून ध्यानी येते. आपल्या जिव्हाळ्याची किंमत शेजाऱ्याने मोजावी, हे शेजारप्रीतीत बसत नाही.

अशा वेळी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे आम्हांला स्मरण होते. मराठीतील हा ग्रंथ १६१६ साली प्रथम छापला गेला, तो रोमन लिपीत. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्त्यांच्या प्रती आज सापडत नाहीत. भाविकांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ टिकला आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापता आला. नकलणाऱ्यांचा जीव कागदात गुंतला असता, तर आज आपल्या हाती काय उरले असते?

म्हणून आम्ही जुन्या यंत्राची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. ते यंत्र घरात राहील, पण एकटे. दररोज एक गाणे आम्ही नव्या संगणकावर युनिकोडमध्ये उतरवतो. रूपांतर करणारे प्रोग्राम मदत करतात. परंतु रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ मजकुराशी ताडून पाहावी लागते. ताडताना ओवी आपोआप ओठांवर येते.

ज्यांच्या घरी जुन्या फॉन्टमधील वंशावळी, भक्तिगीते वा पत्रे असतील, त्यांनी यंत्र चालू आहे तोवरच हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. यंत्र बंद पडल्यावर ती अक्षरे वाचून दाखवायला घरातील वडीलधारी माणसे असतीलच, असे नाही.