कराराबाहेरची माणसे

चाळिशी उलटल्यावर मी एम.ए.ला नाव घातले. विषय सांगितला की लोक हसायचे. इग्नूचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम, ‘गांधी आणि शांतता अध्ययन’. “शांतता? आणि ती विरारमध्ये?” हा विनोद आमच्या स्टाफरूमला वर्षभर पुरला. मी मूळची वसईची. लग्नानंतर विरारला आले, शाळा अंधेरीला, विषय इतिहास. त्यामुळे अभ्यास करायला हक्काची जागा एकच, लेडीज डबा. पुस्तिका घरपोच आल्या, स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे आणि वाचन विरार ते अंधेरी.

त्या डब्याचे स्वतःचे कायदे आहेत. नालासोपारा-वसईच्या काही बायका आधी उलट्या विरारला येतात आणि जागा धरून ठेवतात, त्या ‘रिटर्नवाल्या’. उभी असलेली चढल्या चढल्या बसलेलीला विचारते, “कुठे उतरणार?” ती “अंधेरी” म्हणाली की, “मग तुमची जागा मला.” झाले, जागा ठरली. नंतर कुणी विचारले तर बसलेली सांगते, “दिली आहे.” कागद नाही, पावती नाही, तरी शब्द सहसा कुणी मोडत नाही. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन अभ्यासकाने 1984 साली ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’मध्ये मांडले की, पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल तर स्वार्थी माणसेही एकमेकांना सांभाळून घेतात. मी ते वाचून मान डोलावली. रोजच्या गाडीत हे रोज दिसते.

पण संध्याकाळी तोच डबा निराळा असतो. बोरिवलीला उतरणारी बाई विरार फास्टमध्ये चढली की आवाज येतात, “बोरिवली गाडी नाही का मिळाली?” एकदा एका कॉलेजच्या मुलीला बोरिवलीला दारापर्यंत पोहोचूच दिले नाही. ती रडकुंडीला येऊन भाईंदरला उतरली. माझ्या शेजारची बाई स्वभावाने अतिशय मायाळू, डब्यातल्या सगळ्यांच्या बाळंतपणांची खबर ठेवणारी. तिला मी म्हटले, “ताई, जाऊ द्यायचं होतं हो तिला.” ती शांतपणे म्हणाली, “तिला उद्या कुठे भेटायचंय आपल्याला?”

ॲक्सेलरॉडची दुसरी बाजू तिने एका वाक्यात सांगितली. ज्याची उद्या गाठ पडणार नाही, तो आपल्या करारात नसतो. आणि करार कितीही चोख पाळला, तरी त्याचा भुर्दंड कराराबाहेरच्यालाच पडतो.

त्यानंतर मी वसईचा इतिहास याच अंगाने वाचायला लागले. दरवर्षी मुलांना किल्ल्यात घेऊन जाते, चिमाजी अप्पांच्या पुतळ्याजवळ उभे करून पोर्तुगीजांविरुद्धची 1739ची मोहीम सांगते. पूर्वी सुरुंग, तट आणि पराक्रम सांगून थांबत असे. आता शरणागतीच्या अटीही सांगते. इतकी माणसे मारली गेल्यावरही पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाण फडकवत, वाद्ये वाजवत बाहेर पडू दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. म्हणजे तो तह काही साधुसंतांचा नव्हता. पण जे वाटाघाटीला बसले नव्हते आणि ज्यांना इथेच राहायचे होते, त्यांची सोय त्यात होती.

याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी दुसरा तह झाला. त्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला होता. पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी करार केला, तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. मराठी राज्याचा सौदा झाला, पण शिंदे नव्हते, भोसले नव्हते, होळकर तर नव्हतेच. पुढच्या वर्षी 23 सप्टेंबरला असईला आणि 29 नोव्हेंबरला अडगावला इंग्रजांशी लढताना याच शिंदे-भोसल्यांचे रक्त सांडले. मुलांना आता मी तहाची कलमे पाठ करायला लावत नाही. फळ्यावर दोन रकाने आखते. सही कुणाची, आणि परिणाम कुणावर?

नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी 1969 साली ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली. कुणी कुणावर हात उगारत नाही, तरी व्यवस्थेच्या बांधणीमुळेच काहींच्या वाट्याला कमी आयुष्य आणि कमी पाणी येते. तरुणपणी त्यांनी आर्ने नेस यांच्याबरोबर गांधींच्या राजकीय नीतिविचारावर पुस्तक लिहिले होते. हे वाचताना मला पाणीच आठवले. माझ्या शाळकरी वयात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीचे वारे घरोघर होते. आमच्या वाडीतल्या विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाते, याचा मोठ्यांना संताप यायचा. आज मी विरारमध्ये सूर्या नदीच्या धामणी धरणाचे पाणी पिते. ते धरण डहाणू-पालघर-विक्रमगडची शेती भिजवायला बांधलेले. शहरांना पाणी वळवण्याविरुद्ध तिकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलने केली. आमच्या वाडीने जे गाऱ्हाणे मांडले, तेच आता त्यांचे आहे. फरक इतकाच की नळ माझ्या घरात आहे.

परीक्षेच्या सुमारास आमच्या सोसायटीत पाण्यावरून जुंपली. एक गट म्हणे टँकर वाढवा, दुसरा म्हणे वर्गणी वाढवली तर देणार नाही. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 1981च्या ‘गेटिंग टू येस’मध्ये सांगितले आहे की, माणूस जे मागतो त्यामागची गरज शोधावी. मी सेक्रेटरींना म्हटले, “भाडेकरूंना बोलवा.” ते म्हणाले, “मॅडम, त्यांना मत नसतं.” मी म्हटले, “मत नको, बसू तर द्या.” कुरकुरत का होईना, बोलावले. चौथ्या मजल्यावरचा मुलगा पाच मिनिटांत बोलून मोकळा झाला. “पाणी सकाळी नऊला सोडता. आम्ही साडेपाचच्या गाडीला असतो. रात्री येतो तेव्हा बादल्या कोरड्या.” टाकीत पाणी होते, पण ते घरी नसलेल्या माणसांसाठी सोडले जात होते. वेळ बदलली, पहाटे अर्धा तास आणि रात्री अर्धा तास. टँकर तेवढेच राहिले. एक काका अजून नाराज आहेत, कारण पहाटे पंपाच्या आवाजाने त्यांची झोप मोडते.

पदवी मिळाली, पगार वाढला नाही. सोसायटीतला वाद मिटला म्हणून लोक मला आता भांडणे सोडवायला बोलावतात. मात्र त्या सभेत एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. आपला टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, आणि त्या विहिरीच्या आसपास कोण राहते? पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घालायला मी सांगितले आहे. सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतले, आणि वर न बघता विचारले, “मॅडम, मग त्यांनाही बोलावायचं का?”

मी हो म्हटले.