पावती नसलेले पंधरा हजार

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

व्यापारी कायद्याचा पहिला तास. दरवर्षी करार कायद्याच्या दहाव्या कलमापासून सुरुवात करते. आज खडू हातात न घेता विचारलं, आजवर कशाकशावर सह्या केल्यात? उत्तरं भराभर आली. मेसचा फॉर्म, दुचाकीचं कर्ज, मोबाइलच्या हप्त्यांचे कागद, एकीचा नोकरीतला बाँड. वाचून सही केली असं म्हणणारं कुणी निघालं नाही.

तेवढ्यात एक मुलगा उठला. परभणीकडचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. जूनमध्ये खोली सोडली, मालक डिपॉझिट देत नाही. पंधरा हजार, रोख दिलेले, पावती नाही. "मॅडम, कायद्यानं मिळतील का?"

तोंडी करारही करारच असतो, हे त्याला सांगितलं. १८७२च्या कायद्यात करार कागदावरच हवा अशी सरसकट अट नाही. पैसे दिले, परत द्यायचं ठरलं होतं, म्हणजे तुझा हक्क आहे. फक्त "मला काही मिळालंच नाही" असं समोरचा म्हणाला, तर दिल्याचं तुला दाखवून द्यावं लागेल.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पैसे तर खरंच दिलेत. मग पावती आपणच बनवली तर बिघडलं काय?" वर्ग हसला. विचारणारा मात्र गंभीर होता. कोर्टाच्या कामात वापरायला खोटा पुरावा तयार करणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी सांगितलं. पण त्यानं शिक्षा किती असं विचारलंच नव्हतं. बिघडलं काय, असं विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मुलांनी आपापले भाडेकरार आणले. एक मोठ्यानं वाचला. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, मुदत ११ महिने. सातव्या कलमात आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच राहून गेलेलं. म्हणजे देणाऱ्यानंही वाचला नव्हता आणि घेणाऱ्यानंही.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत पुण्यात घरोघरी आहे. ती आली १९०८च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक एक महिना कमी करतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत काहीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अशा बिननोंदणीच्या व्यवहारात काय अटी ठरल्या होत्या यावर वाद झाला, तर भाडेकरू सांगेल ते धरून चालायचं; ते खोटं असल्याचं मालकानं सिद्ध करायचं. हे शेवटचं ऐकून वर्गात शिट्टी वाजली. मला बरं वाटलं. ज्याच्या हातात कागद नसतो त्याच्या बाजूनं कायदा कधी झुकतो, हे मुलांनी लवकर बघायला हवं.

तास संपल्यावर परभणीकर खोलीतल्या जोडीदाराचा फोन घेऊन आला. मालकाचा एका ओळीचा मेसेज: "पंधरा मिळाले. एक तारखेला या." म्हटलं, हा जपून ठेव. पुसू नकोस, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस, तो फोनही सांभाळ. असा मेसेज कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात मुलांना नेलं. सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन आलेली मुलं आवाराच्या गजबजाटानंच दबली. टायपिंगवाले, नोटरी, काखेत फाइलींचा गठ्ठा धरून जिने चढणारे कारकून, पायरीवर डबा उघडून बसलेलं एक वयस्क जोडपं. बेलिफानं पुकारा केला की बाकावरचे सगळे एकदम मान वर करतात.

एका दिवाणी दाव्यात उलटतपास चालला होता. वादी सत्तरीच्या घरातले. वकिलानं विचारलं, "उसने दिल्याचं कुठं लिहून ठेवलंत?" ते म्हणाले, "भावालाच दिले हो, लिहून काय ठेवायचं?" न्यायाधीशांनी एवढंच नोंदवून घ्यायला सांगितलं की लेखी नोंद नाही. भावाचा उल्लेख गळला. बरोबरच होतं ते, प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं. पण माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचा चेहरा उतरला.

बाहेर चहा घेताना तिला समजावलं. दिवाणीत कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं ते बघतात. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये, कारण तिथे माणूस तुरुंगात जायचा असतो. दोन्हीकडे न्यायाधीशासमोर जे मांडलं जातं तेवढंच त्याला दिसतं. तिचं समाधान झालं नाही. "म्हणजे खरं बोलूनही ते हरतील?" हरू शकतात. हे झाकून कायदा शिकवणं मला मान्य नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं काम आज सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचेल. पुणेकर अपिलाला मुंबईलाच जाणार. पुण्याचीही मागणी जुनी आहे, तरी सावंतवाडीच्या माणसाची सोय आधी झाली याचा मला आनंद आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आज उत्तर दिलं. गोखल्यांची गोष्ट सांगून.

१८९७. पुण्यात प्लेग. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेलेले, वय जेमतेम एकतीस. पुण्याहून ओळखीच्या, भरवशाच्या माणसांची पत्रं आली: सोजिरांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली, त्यांतल्या एकीनं जीव दिला. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीर केलं. पार्लमेंटात गदारोळ झाला, मुंबई सरकारनं इन्कार केला, आणि पुरावा द्या अशी मागणी झाली.

ते परतले तेव्हा वातावरण पार बदललं होतं. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं होतं. पत्रं लिहिणाऱ्यांनी गोखल्यांना गळ घातली, आमची नावं सांगू नका. नावं सांगितली असती तर ती माणसं सरकारच्या तावडीत सापडली असती. न सांगावीत, तर आरोप निराधार ठरत होता. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. गव्हर्नर सँडहर्स्ट आणि लष्कर यांची त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आणि तो डाग त्यांना पुढे वर्षानुवर्षं बोचत राहिला.

वर्गात दोन तट पडले. एक मुलगी तावातावानं म्हणाली, "ज्या बायकांवर अत्याचार झाला असेल त्यांचं काय? माफी मागून यांनी त्यांनाच खोटं पाडलं." हा आक्षेप मला खोडता आला नाही आणि मी तो खोडायचा प्रयत्नही केला नाही. माफी मागितली म्हणून घटना घडलीच नव्हती असं ठरत नाही, सिद्ध करता आली नाही एवढंच ठरतं, असं मी म्हटलं. पण माफीचे शब्द तेवढा फरक कुठे सांगतात? तिचा राग योग्य होता.

मागच्या बाकावरच्याला मात्र मी विचारलं, या जागी तू काय केलं असतंस? खोटी साक्ष उभी केली असतीस? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग खऱ्या पत्रांवरसुद्धा कुणी विश्वास ठेवला नसता." मला त्याच्याकडून हेच ऐकायचं होतं. खोटी पावती सात वर्षांच्या कैदेमुळे वाईट ठरते हे खरं. पण आपली खरी बाजूही ती नासवते, आणि उद्या पावती नसलेला दुसरा कुणी खरा माणूस कोर्टात उभा राहिला की त्याच्याकडेही संशयानं पाहिलं जातं.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपतीचे दिवस. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, ढोलपथक आत्ता पुढे गेलं. १७७३ साली याच तारखेला, गणपतीतच, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. दादा तेव्हा स्वतः पेशवे झालेले.

ही गोष्ट आपण शाळेपासून बाणेदारपणाचा धडा म्हणून ऐकतो. मला तिची पुढची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. निकाल दिला, पण तो बजावणार कोण? फौज दादांची, खजिना दादांचा. शास्त्रीबुवा पुणं सोडून निघून गेले. बारभाईंनी दादांना सत्तेवरून खाली खेचल्यावर ते परत न्यायासनावर आले. म्हणजे पुरावा होता, निर्भय न्यायाधीश होता, निकालही होता, आणि दादांच्या केसालाही धक्का लागला नाही. आजही दाव्यात हुकूमनामा हातात पडला की अशील पेढे वाटतो, आणि वकील हळूच सांगतो की आता दरखास्त लावावी लागेल. हुकूमनामा बजावून घेण्यासाठी केलेला तो वेगळा अर्ज, तोही वर्षानुवर्षं चालू शकतो. पाठ्यपुस्तकात हा भाग अर्ध्या पानात उरकलाय. मी त्याला पूर्ण तास देणार आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

बाँडवाल्या मुलीसाठी वेगळा वेळ काढला. तिला कुणीतरी सांगितलं होतं, करार कायद्याच्या २७व्या कलमानुसार असे बाँड रद्दच असतात. एवढं सोपं नाही. नोकरी सोडल्यावर अमक्या धंद्यात जायचं नाही, अशी बंदी कोर्ट सहसा मानत नाही. पण नोकरीत असताना ठरावीक मुदत काढायची, नाहीतर रक्कम भरायची, ही अट निराळी. विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं यंदाच मे महिन्यात तीन वर्षं किंवा दोन लाखांची अट वैध ठरवली. त्यात सरकारी बँकेला भरतीसाठी करावा लागणारा खर्च आणि खटाटोप विचारात घेतला होता. खासगी कंपनीनं फ्रेशरला महिनाभर व्हिडिओ दाखवून दोन लाख मागितले, तर ७४व्या कलमातला 'वाजवी भरपाई'चा प्रश्न उभा राहतो. तिला सांगितलं, प्रशिक्षणाच्या तारखा आणि काय शिकवलं ते आजच लिहून काढ.

परभणीकराला दहा हजार मिळाले. त्यानं आमच्यासमोर बसून साधं पत्र लिहिलं, रागाचा एक शब्द न घालता, मेसेजची तारीख देऊन, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मालकानं पाच हजार रंगकामाचे म्हणून कापले. भिंतींचे फोटो कुणीच काढलेले नव्हते.

शनिवार, १३ सप्टेंबर

राष्ट्रीय लोकअदालत. सकाळपासून शिवाजीनगरला होते. इथे साक्षीपुरावा नाही, उलटतपास नाही. पॅनलसमोर दोघं बसतात, आकडा पुढेमागे होतो, जमलं तर सह्या. भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचीच ताकद असते आणि त्यावर अपील नाही.

गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आठवले. वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणारा हा माणूस. १८७०च्या दशकात त्यांच्या सार्वजनिक सभेनं याच शहरात लवाद कोर्ट चालवलं होतं, लोकांनी सरकारी कोर्टाच्या खर्चात बुडू नये म्हणून.

एका टेबलाशी विधवा बाई आणि तिचा दीर बसले होते. बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "द्या काय द्यायचं ते, संपवा." इथे माझं मन अडकतं. तडजोड दोघांच्या खुशीची असते असं कायदा मानतो, पण थकलेल्या माणसाची खुशी ती कसली! बाईंना मोफत वकील मिळू शकतो, कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांना हे कुणी सांगितलं होतं की नाही, विचारायला उठले तोवर सह्या झाल्या होत्या.

सोमवारी चेकचं प्रकरण घ्यायचंय. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, मग महिनाभरात फिर्याद. त्याआधी दहा मिनिटं मोफत वकिलासाठी ठेवते. अर्ज कुठे करायचा आणि सोबत काय न्यायचं, ते फळ्यावर लिहून देईन. घरी आई-मावशीला सांगायला सांगेन.