बांधावरचे लिंबू

गेल्या ऑक्टोबरच्या प्रारंभी आम्ही दहावीचे वर्गमित्र वसईहून बसने कासच्या पठारावर गेलो. पश्चिम घाटासमवेत २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या त्या जांभ्या खडकावर मातीचा थर किती पातळ! तरीही सोनकी पिवळीधमक फुलली होती. माझे लक्ष मात्र दोघांकडे होते. शाळेत एकाच बाकावर बसणारे ते दोघे वाडीच्या बांधावरून बारा वर्षे अबोल होते. मध्यस्थी करून मी थकलो होतो. (धर्मगुरूचे ऐकायचे ते मिस्सापुरतेच!) परतताना यवतेश्वरच्या घाटात पुढे बसलेल्याला मळमळू लागले. मागच्या आसनावरून हातोहात एक लिंबू आले. ते हुंगून त्याने विचारले,

"बांधावरचंच ना?"

"हो," मागून उत्तर आले, "तुझ्या बाजूचं."