कल्पनेतला संघ

फुटबॉल हा खेळ चर्चच्या अंगणात वाढला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन हा क्लब 1878 साली सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनी सुरू केला. लंडनचा फुलहॅम 1879 साली रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातून निघाला. मँचेस्टर सिटीचे मूळ वेस्ट गॉर्टन वस्तीतल्या सेंट मार्क्स चर्चमध्ये, 1880 सालच्या संघात सापडते. ग्लासगोचा सेल्टिक तर अगदी आपल्या घरचा. ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट संन्यस्ताने 1887 साली तो स्थापन केला, तो गरीब वस्तीतील मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून. दिवंगत पोप फ्रान्सिस लहानपणापासून ज्या सान लोरेन्झो क्लबचे चाहते होते, त्याला 1908 साली आधार दिला तो फादर लोरेन्झो मासा या सालेशियन धर्मगुरूंनी. तेव्हा एखाद्या धर्मगुरूने फुटबॉलविषयी लिहिले, तर वाचकांनी फारसे नवल मानू नये.

मात्र आज मला लिहायचे आहे ते फुटबॉलच्या सावलीविषयी. या सावलीला 'फँटसी फुटबॉल' म्हणतात. घरोघरची तरुण मुले शनिवारी दुपारी मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतात आणि 'कर्णधार कोणाला करू?' असे एकमेकांना विचारतात, तेव्हा ती बहुधा या सावलीच्या मागे असतात. आईवडिलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. तो कधी कधी असतोही. परंतु ज्या गोष्टीत आपल्या मुलांचे मन गुंतले आहे, ती समजून न घेता तिच्यावर निकाल देणे बरे नव्हे.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेत झाला. 1962 साली ओकलंडच्या व्यावसायिक संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी काही सहकाऱ्यांसह अमेरिकन फुटबॉलसाठी असा खेळ रचला. पुढे तो इतर खेळांत आणि इतर देशांत पसरला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ 2002 साली सुरू झाला आणि आज जगभरातील एक कोटीहून अधिक माणसे तो खेळतात. त्याला प्रवेशमूल्य नाही.

त्याची रचना साधी आहे. प्रत्येकाला 10 कोटी पौंडांची कल्पित थैली मिळते. तीतून खऱ्या क्लबांतील पंधरा खेळाडू घ्यायचे: दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले आणि तीन आघाडीचे. एका क्लबातून तीनपेक्षा अधिक घेता येत नाहीत. दर आठवड्याला त्यांतले अकरा मैदानात, चार राखीव. मग त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात जे केले, त्याचे गुण आपल्या पदरात पडतात. आघाडीपटूच्या गोलाला चार, मधल्या फळीतल्याच्या गोलाला पाच, बचावपटूच्या गोलाला सहा. गोल होण्यास साह्य केले तर तीन. संघाने एकही गोल स्वीकारला नाही तर बचावपटूला चार. पिवळे कार्ड मिळाले तर एक गुण वजा. असे अडतीस आठवडे, ऑगस्टपासून मेपर्यंत.

जिंकण्याची पहिली युक्ती थैलीच्या वाटणीत आहे. नवशिका माणूस चार-पाच महागड्या ताऱ्यांवर सारे उधळतो आणि उरलेल्या जागा कधी मैदानात न उतरणाऱ्यांनी भरतो. मनोरा बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला आहे. तो इथे तंतोतंत लागू पडतो. दोन-तीन मोठी नावे हवीतच. 2024-25 च्या मोसमात लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहने 29 गोल केले, 18 गोलांना साह्य केले आणि या खेळात 344 गुणांचा उच्चांक गाठला. ज्याच्या संघात तो नव्हता, त्याला वर येणे कठीण होते. परंतु स्पर्धा जिंकून देतात ते स्वस्तात मिळालेले, नियमित खेळणारे खेळाडू. 2023 साली कोल पामर मँचेस्टर सिटी सोडून चेल्सीत आला, तेव्हा त्याची किंमत केवळ 50 लाख पौंडांच्या आसपास होती. त्या मोसमात त्याने 22 गोल केले आणि त्यांतले नऊ पेनल्टीवरचे होते. ज्यांनी 'हा रोज खेळणार आहे आणि पेनल्टी हाच घेणार आहे' एवढे दोन प्रश्न वेळीच तपासले, त्यांना हा ठेवा लवकर सापडला. नावाला न भुलता काम पाहणे, हे त्यातले मर्म.

दुसरी युक्ती पुढे पाहण्याची. कालच्या आठवड्यात कोणी तीन गोल केले, हे पाहून त्याच्यामागे धावणारा माणूस सदैव एक आठवडा उशिराच पोहोचतो. जाणता खेळाडू पुढच्या पाच-सहा सामन्यांचे वेळापत्रक समोर ठेवतो: प्रतिस्पर्धी कोण, सामना घरच्या मैदानावर की बाहेर, मध्ये युरोपातील सामने असल्याने प्रशिक्षक कोणाला विश्रांती देईल.

तिसरी युक्ती संयमाची, आणि तीच सर्वांत अवघड. दर आठवड्याला एक बदल फुकट मिळतो. त्याहून अधिक प्रत्येक बदलाला चार गुण मोजावे लागतात. न वापरलेले बदल साठवता येतात आणि 2024-25 पासून ही साठवण पाचपर्यंत नेता येते. एक वाईट रविवार गेला की हात शिवशिवतात, निम्मा संघ मोडावासा वाटतो. अशा वेळी काही न करणे हाच पुष्कळदा उत्तम डाव असतो. शिवाय बदल सोमवारी करू नये. दुखापतींच्या बातम्या प्रशिक्षकांच्या गुरुवार-शुक्रवारच्या वार्ताहर बैठकांत कळतात. म्हणून मुदतीच्या जवळ जाऊन निर्णय घ्यावा. सेमिनरीत आमचे वृद्ध आध्यात्मिक मार्गदर्शक सांगत, की मन खिन्न असताना मोठा निर्णय बदलू नये. ही शिकवण संत इग्नेशियस लोयोला यांची. ती फुटबॉलच्या कामी येईल, हे त्या वेळी आम्हा कोणालाच सुचले नसते.

चौथी गोष्ट कर्णधाराची. त्याचे गुण दुप्पट होतात, म्हणून आठवड्याचा सर्वांत मोठा निर्णय हाच. येथे फार हुशारी दाखवू नये. 2022-23 मध्ये अर्लिंग हालांडने 36 गोलांचा विक्रम केला. त्या वर्षी दर आठवड्याला निराळा कर्णधार शोधत बसलेल्यांपेक्षा मुकाट्याने हालांडवर विश्वास ठेवणारे बहुधा सुखी राहिले. उपकर्णधारही विचारपूर्वक निवडावा, कारण कर्णधार मैदानात उतरलाच नाही, तर तो मान त्याच्याकडे जातो. याखेरीज संपूर्ण संघ विनामूल्य बदलण्याची, राखीव खेळाडूंचे गुण धरण्याची, कर्णधाराचे गुण तिप्पट करण्याची अशी काही खास साधने असतात. 2025-26 च्या मोसमापासून ती मोसमाच्या दोन्ही अर्धांत एकेकदा मिळू लागली. एखाद्या क्लबाचे एकाच आठवड्यात दोन सामने येतात, तेव्हासाठी ती जपून ठेवावीत.

शेवटची युक्ती प्रतिस्पर्ध्याकडे पाहून ठरते. आपण पुढे असू, तर मागच्याकडे जे खेळाडू आहेत तेच आपल्याकडेही ठेवावेत. मग त्याला अंतर तोडता येत नाही. आपण मागे असू, तर त्याच्यापेक्षा वेगळे घेण्याचे धाडस करावे. एवढे सारे केल्यावरही दैवाचा भाग उरतोच. बुद्धिबळाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन 2019 च्या डिसेंबरमध्ये सत्तर लाखांहून अधिक खेळणाऱ्यांत काही काळ पहिला होता. मोसम संपला तेव्हा पहिला क्रमांक त्याचा नव्हता. एवढा गणिती मेंदूही गोलखांबाला लागून परतणारा चेंडू आत ढकलू शकत नाही.

हे सारे मी शिकलो ते माझ्या भाच्याकडून. तो इंग्लंडमध्ये वृद्धांच्या एका निवासात परिचारक आहे. बहुधा रात्रपाळी करतो. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, गेली तेव्हा त्याचे व्हिसाचे कागद मार्गी लागायचे होते. देश सोडला तर परत जाता येणार नाही, अशी स्थिती होती. दफनविधी त्याने फोनवर पाहिला. त्यानंतर तो कोणाशी बोलेना. भावाचे फोन घेईना, बापाला एका शब्दात उत्तर देई. तिथल्या चर्चमध्ये जाणेही त्याने सोडले, असे त्याच्या मित्रांकडून कळले. मी पत्र लिहिले, संदेश पाठवले. उत्तर आले नाही. पुढे ऑगस्टमध्ये अचानक एका लीगचे निमंत्रण आले आणि त्याखाली तीन शब्द: "मामा, खेळणार काय?"

मी खेळू लागलो. शनिवारची मुदत बहुधा आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला, आणि तिथे हिवाळी वेळ लागली की साडेचारला येते. त्याच्या आधी अर्धा तास तो फोन करी. सुरुवातीला केवळ खेळाडूंची चर्चा. एवढे पौंड शिल्लक आहेत, अमक्याचा गुडघा दुखावला आहे, तमक्याला काढा. मी दुसरे काही विचारले नाही. ज्या दारातून तो आत आला होता, ते दार मला ठाऊक होते. दुसरे दार ठोठावण्याची घाई मला नव्हती. नोव्हेंबरच्या एका शनिवारी कर्णधार ठरला, मुदत संपली, तरी त्याने फोन ठेवला नाही. काही वेळाने म्हणाला, "मामा, सर्व मृतांच्या दिवशी मायच्या कबरीवर कोणती फुलं ठेवली?" मी म्हणालो, "झेंडू आणि शेवंती. तुझ्या नावाची मेणबत्ती बाबांनी लावली." मग तो पुष्कळ वेळ रडला. मी ऐकत राहिलो. त्या आठवड्यात आम्हा दोघांच्याही संघांनी किती गुण मिळवले, ते मला आठवत नाही.

भाचा आता दर रविवारी मिस्साला जातो, असे मी लिहू शकत नाही. कारण ते मला माहीत नाही आणि मी विचारलेले नाही. बापाशी मात्र तो बोलतो. मेमध्ये मोसम संपला तेव्हा तो माझ्या खूप पुढे होता.

एक सावधगिरीचा शब्द लिहिलाच पाहिजे. या खेळाच्या नावाखाली पैशांच्या पैजा लावण्याचा धंदा आपल्या देशात फोफावला होता, आणि कर्जापायी रडवेली झालेली मुले धर्मग्रामांच्या दारी आली आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने कायद्याने बंदी घातली. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ नशिबाच्या खेळांना मुळात पाप मानत नाही. पण स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजेचा घास हिरावला जात असेल, तर ते नीतीला धरून नाही, असे तो बजावतो आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, याचीही जाणीव देतो. म्हणून मी तरुणांना सांगतो: लीग करा, पण वर्गणी ठेवू नका. आमच्या लीगमध्ये महिन्याच्या शेवटी जो तळाला असेल, त्याने बाकीच्यांसाठी एक रोझरी म्हणायची, एवढाच दंड आहे. तो आजवर कोणी बुडवलेला नाही.

संत पौलाने करिंथकरांना शर्यतीचा दाखला दिला, तो त्यांच्या ओळखीच्या मैदानावरचा होता. आपल्या मुलांचे मैदान बदलले आहे. ती दुबईत असतील, कॅनडात असतील, किंवा शेजारच्या खोलीत दार लोटून बसली असतील. घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की येत्या शनिवारी 'अभ्यास झाला का' आणि 'पैसे पाठवले का' हे दोन प्रश्न थोडे मागे ठेवावेत आणि त्यांना विचारावे, 'बाळा, या आठवड्यात तुझा कर्णधार कोण?' उत्तर कळले नाही तरी चालेल. ऐकायला बसावे.