सोडलेला मासा

निवृत्त झाल्यावर अण्णा संध्याकाळी गळ घेऊन तलावावर जाऊन बसत. धुळे जिल्ह्यातला एक लघुपाटबंधारे तलाव. पावसाळ्यात मच्छीमार सोसायटी त्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडी. आईच्या गळ्यात माळ, त्यामुळे मासा घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. लागलाच तर अण्णा तो वाटेत कुणाला तरी देऊन टाकीत. मग जाता कशाला, असे मी विचारी. "लागना ते लागना, नही ते नही," एवढेच ते अहिराणीत म्हणत.

साहित्य शिकवणाऱ्याला हे उत्तर भलतेच आवडले. पुलंनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेल्या हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याशेजारी मी वर्गात अण्णांना बसवूनही पाहिले. ती माझी हौस. त्या कोळ्याला पोट होते, अण्णांना पेन्शन.

एकदा मी ज्ञान पाजळले. हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन घडवले आणि पुढे तळ्यातळ्यांतून बीज पोचले. इंग्रजांनी काश्मिरात, निलगिरीत ट्राउट सोडला तो गळाच्या शौकासाठी. त्याला थंड, वाहते पाणी लागते. मे महिन्यात पारा ४५ला टेकणाऱ्या खानदेशात तो कुठला जगायला! "म्हणजे अण्णा, तुमच्या गळाला लागतो तो कुणीतरी पैसे मोजून सोडलेलाच मासा."

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या राखणदाराला पैसे देऊ लागले. तो हसला, त्याने घेतले नाहीत. मासा तोच होता, ओढही तीच असणार. पण त्यानंतर तलावावरून परतलेल्या अण्णांच्या चेहऱ्यावर पूर्वीचा निवांतपणा मला दिसेना. ते माझ्यामुळे झाले, हे मी पुष्कळ दिवस स्वतःशी कबूल केले नाही.

पुढे ते पांझरेच्या एका डोहाकडे जाऊ लागले. तिथे कुणी बीज सोडीत नाही, आणि बहुधा काही लागतही नाही. एका संध्याकाळी मात्र बोटभर मासा लागला. त्याचे नाव त्यांनाही सांगता येईना. जेवताना त्यांनी त्याची हकीकत तीनदा सांगितली: केवढा होता, दोरी कशी थरथरली, हातातून कसा निसटला. आईनेही ती तीनदा ऐकून घेतली. मी काही विचारले नाही.