पाणी

थेरपिस्ट ताई माझ्या नातवासमोर बसतात, चेहऱ्यासमोर चेहरा. 'पाणी' दोघं एकदमच म्हणतात, अगदी सावकाश, स्वर लांबवत. एकदा 'बाणी' येतं, लगेच 'मानी'. त्याच्या ओठांत, जिभेत ताकद आहे. हालचालींचा क्रम मेंदूत जुळत नाही. म्हणून फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून फारसं साधत नाही, शब्दच पुन्हापुन्हा म्हणावा लागतो. मेयो क्लिनिकच्या ईडिथ स्ट्रँड यांनी बसवलेली ही पद्धत. आधी सोबत म्हणायचं, मग ऐकून, मग थोडं थांबून. अडलं की पुन्हा सोबत.

ते थांबणं मला सोसत नाही. ताई गप्प. त्याचे ओठ मिटतात, उघडतात, आवाज नाही. कपाळावर बारीक घाम. मुलाच्या वतीनं बोलून टाकायची केवढी घाई असते आपल्याला!

खुणा करू द्या, चित्रं दाखवू द्या, असं ताई सांगतात. मग तो बोलणारच नाही, अशी सूनबाईला धास्ती. मला ताईंचं पटतं. तहानलेल्या लेकराला आधी पाणी मिळावं.

जूनपासून शाळा. वर्गातल्या बाईंना काय काय सांगायचं, ते सूनबाई आणि मी दोघी अजून ठरवतोय.